रेंज आहे, पण कोणासाठी?

‘रेंज आहे का?’ हा प्रश्न आपण दिवसातून किती वेळा विचारतो, याची मोजदाद कोणी ठेवत नाही. घाटात गाडी शिरली की विचारतो, लिफ्टमध्ये विचारतो, रुग्णालयाच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या रांगेत उभे असतानाही विचारतो. उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे मिळते आणि आपले समाधान होते. पण रेंज ही गोष्ट इतकी सरळ नसते. ती मोजण्याचे एक शास्त्र आहे आणि ते सामान्य वाचकाने थोडेफार समजून घ्यावे, अशी वेळ आता आली आहे.

त्याचे कारण ‘डायरेक्ट टू मोबाइल’ किंवा थोडक्यात ‘डीटूएम’ हे तंत्रज्ञान. यात टीव्हीचे डिजिटल प्रक्षेपण थेट फोनमध्ये उतरते. त्याला इंटरनेट लागत नाही, सिमकार्ड लागत नाही. ट्रान्झिस्टर जसा हवेतल्या लहरी पकडतो, तसा फोनमधला एक छोटा रिसीव्हर टीव्हीच्या लहरी पकडतो. २०२३ मध्ये बंगळुरू, नोएडा आणि दिल्लीच्या कर्तव्यपथावर याचे प्रयोग झाले. जानेवारी २०२४ मध्ये १९ शहरांत चाचण्या घेण्याचा मनोदय केंद्र सरकारच्या वतीने जाहीर झाला. मोबाइल बनवणाऱ्या काही कंपन्यांनी खर्च आणि तांत्रिक अडचणींचे आक्षेपही नोंदवले. क्रिकेटचा सामना डेटा न जाळता पाहता येईल, हे या तंत्रज्ञानाचे लोकप्रिय आकर्षण आहे. दुसरा फायदा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. पूर, वादळ किंवा साथीच्या वेळी एकाच वेळी लाखो लोकांपर्यंत सूचना पोहोचवता येतील, असे सांगितले जाते.

‘लाखो लोकांपर्यंत’ म्हणजे नेमके कोणापर्यंत, हे कसे ठरवायचे? सरकारी आरोग्यसेवेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला ‘कव्हरेज’ हा शब्द नवा नाही. लसीकरणाचे कव्हरेज, गरोदर मातांच्या तपासणीचे कव्हरेज, अशा शब्दांतच आमचे मासिक अहवाल लिहिले जातात. प्रक्षेपणाच्या कव्हरेजबद्दल वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की दोन्हींतले पेच जवळजवळ सारखेच आहेत.

आधी कोणी करून पाहिले?

फोनवर टीव्ही ही कल्पना जुनी आहे. दक्षिण कोरियात डिसेंबर २००५ मध्ये ‘टी-डीएमबी’ सेवा सुरू झाली. सोलच्या भुयारी रेल्वेत जागोजागी छोटे पुनःप्रक्षेपक बसवल्यामुळे जमिनीखालीही लोक टीव्ही पाहू लागले. युरोपात ‘डीव्हीबी-एच’ आले. इटलीत २००६ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या सुमारास त्याची व्यावसायिक सेवा सुरू झाली. आपल्याकडे दूरदर्शनने २००७ मध्ये दिल्लीत याच तंत्राचा प्रयोग केला होता. अमेरिकेत ‘मीडियाफ्लो’ आले आणि मार्च २०११ मध्ये बंद पडले. युरोपातील सेवाही पुढच्या काही वर्षांत मावळल्या. फोन कमी, कार्यक्रम कमी, त्यात इंटरनेट झपाट्याने स्वस्त आणि वेगवान होत गेले.

टिकून राहिले ते जपान. तिथे १ एप्रिल २००६ रोजी ‘वनसेग’ सेवा सुरू झाली. नावातच तिची रचना आहे. जपानमध्ये टीव्हीची प्रत्येक वाहिनी १३ तुकड्यांत, म्हणजे सेगमेंटमध्ये विभागलेली असते. १२ तुकड्यांतून घरच्या मोठ्या टीव्हीसाठी हाय-डेफिनिशन चित्र जाते. उरलेल्या एका तुकड्यातून तोच कार्यक्रम फोन आणि गाड्यांसाठी छोट्या, जाडसर चित्राच्या रूपात जातो. मनोरा तोच आणि वाहिनीही तीच, फक्त माहिती भरण्याची पद्धत निराळी. त्यामुळे एकच प्रक्षेपण घराच्या छतावर आणि हातातल्या फोनवर किती वेगळे पोहोचते, हे समजून घ्यायला वनसेग हे उत्तम उदाहरण आहे.

वर्तुळ कुठून येते?

प्रक्षेपण केंद्राची माहिती देताना बहुधा नकाशावर एक वर्तुळ काढले जाते. ते अगदीच निराधार नसते. टीव्हीच्या लहरी ढोबळमानाने सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे आणि हवेत त्या किंचित वाकत असल्यामुळे त्यांची पोच किती, याचा एक सोपा हिशेब मांडता येतो. सपाट मैदानात १०० मीटर उंचीचा मनोरा असेल, तर १० मीटर उंच छतावरील अँटेनाला तो साधारण ५४ किलोमीटरवरून ‘दिसतो’. हातातला फोन जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्याला तो सुमारे ४६ किलोमीटरपर्यंतच ‘दिसतो’. हा झाला केवळ क्षितिजाचा हिशेब. वाटेतली टेकडी, इमारत, झाडी, भिंत यांची वजाबाकी अजून बाकी आहे.

ही वजाबाकी डेसिबलमध्ये करतात. कानाची तपासणी करून घेतलेल्यांना हा शब्द माहीत असेल. डेसिबलची गंमत अशी की तो गुणाकाराची बेरीज करून देतो. ३ डेसिबल म्हणजे शक्ती दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट, ३० म्हणजे हजारपट.

आता जमाखर्च मांडू. घरच्या हाय-डेफिनिशन चित्रासाठी सिग्नल हा पार्श्वभूमीच्या गोंगाटापेक्षा साधारण २० डेसिबलने वरचढ लागतो. वनसेगमध्ये माहिती कमी आणि अधिक सुरक्षित रीतीने भरलेली असल्यामुळे तिथे सुमारे ७ डेसिबलवर भागते. म्हणजे फोनच्या बाजूने १३ डेसिबल जमा झाले. सिग्नल विसाव्या हिश्श्याइतका क्षीण असला तरी चित्र मिळू शकते. इथवर बातमी चांगली आहे.

पुढे खर्चाची बाजू येते. प्रक्षेपणाच्या वारंवारता ठरवणाऱ्या २००६ च्या जिनिव्हा करारात १० मीटरवरून दीड मीटरवर उतरताना होणारा तोटा यूएचएफ पट्ट्यात १६ ते १८ डेसिबल धरला आहे. छतावरची अँटेना मनोऱ्याकडे तोंड करून बसवलेली असते आणि सिग्नल गोळा करण्यात पटाईत असते. फोनमधली बोटभर अँटेना तिच्यापुढे सहज २० डेसिबलने मागे पडते. घराच्या भिंतीसाठी त्याच करारात सरासरी ८ डेसिबल धरले आहेत. काँक्रीट जाड असेल किंवा खिडक्यांच्या काचांवर धातूचा मुलामा असेल, तर तोटा आणखी वाढतो. फोन धरणारा हात आणि जवळ असलेले डोके हेही थोडे शोषून घेतात. १३ जमा आणि ४४ खर्च, म्हणजे सुमारे ३१ डेसिबलची तूट. छतावर जेवढ्या सिग्नलवर काम होते, त्याच्या हजारपटीहून जास्त शक्ती त्याच ठिकाणी असेल, तेव्हा कुठे घरातल्या फोनवर चित्र उमटेल.

हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. छतावर उत्तम टीव्ही दिसणाऱ्या घरातच, त्याच छपराखाली, फोनवर काहीच न दिसणे सहज शक्य आहे. म्हणून छतासाठी काढलेला कव्हरेजचा नकाशा फोनसाठी वापरणे म्हणजे प्रौढ माणसाच्या वजनावरून बाळाचा डोस ठरवण्यासारखे आहे.

चित्र अचानक का जाते?

जुन्या अ‍ॅनालॉग टीव्हीला एक गुण होता. सिग्नल कमी झाला की आधी मुंग्या यायच्या, मग सावल्या पडायच्या, मग आवाज खरखरायचा. गच्चीवर जाऊन अँटेना फिरवणाऱ्या पिढीला हे नव्याने सांगायला नको. डिजिटलचे तसे नाही. चुका दुरुस्त करण्याची सोय त्यात आधीच केलेली असते, त्यामुळे सिग्नल घसरत असतानाही चित्र स्वच्छ राहते. दुरुस्तीची क्षमता संपली की चित्राचे चौकोन होतात, ते गोठते आणि पडदा काळा होतो. अभियंते याला कड्यावरून कोसळण्याची उपमा देतात.

करोनाच्या काळात घराघरांत पोहोचलेल्या ऑक्सिमीटरवरून हे चांगले समजेल. रक्तातील ऑक्सिजनचा दाब बराच कमी होईपर्यंत बोटावरचा आकडा ९७, ९५, ९३ असा दिलासा देणारा राहतो. ९० च्या खाली आल्यावर मात्र तो भराभर उतरतो, कारण हिमोग्लोबिनचा आलेखच आधी सपाट आणि मग तीव्र उताराचा असतो. म्हणून आम्ही आकडा ठीक असला तरी रुग्णाचा श्वास मोजतो, चालायला लावून पुन्हा आकडा पाहतो. हातात शिल्लक किती आहे, ते आम्हाला जाणून घ्यायचे असते.

डिजिटल प्रक्षेपणातही तसेच आहे. चित्र छान दिसते, एवढ्यावरून काहीच सांगता येत नाही. तुम्ही कड्यापासून मैलभर दूर असाल किंवा एका पावलावर असाल, दोन्हीकडे चित्र सारखेच असते. पाऊस, समोरून गेलेला ट्रक किंवा खोलीतल्या खोलीत बदललेली जागा यांनी तेवढ्या एका पावलाचा फरक पडू शकतो. त्यामुळे नुसते ‘दिसते की नाही’ हे पाहून भागत नाही, शिल्लक मोजावी लागते.

मोजतात कसे?

पारंपरिक पद्धत अशी. एका गाडीवर १० मीटरपर्यंत उंचावणारा खांब असतो. त्यावर प्रमाणित अँटेना लावून ठरावीक ठिकाणी क्षेत्रतीव्रता, सिग्नलची शुद्धता आणि चुकांचे प्रमाण नोंदवतात. जपानमध्ये घरगुती डिजिटल प्रक्षेपणाचे क्षेत्र याच १० मीटर उंचीवर, मीटरमागे १ मिलिव्होल्ट या तीव्रतेने ठरवले जाते.

फोनसाठीची मोजणी निराळी असते. अँटेना दीड मीटरवर आणि गाडी चालती. उपग्रहावरून जागा सांगणारे जीपीएस यंत्र प्रत्येक नोंदीला तिचे ठिकाण चिकटवत जाते. इथे एक अडचण उभी राहते. इमारतींवरून उसळून आलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात. काही ठिकाणी त्या एकमेकींना बळ देतात, तर काही ठिकाणी एकमेकींना मारून टाकतात. ५०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, त्यामुळे फोन वीतभर सरकवला तरी सिग्नल कोसळू शकतो किंवा परत येऊ शकतो. रेंज नसताना आपण नकळत दोन पावले बाजूला सरकतो आणि ‘आली, आली’ म्हणतो, त्यामागचे भौतिकशास्त्र हेच. म्हणून एका जागी एकच नोंद घेऊन चालत नाही. विल्यम ली या अभियंत्याच्या नावाने ओळखला जाणारा संकेत असा आहे, की ४० तरंगलांबींच्या अंतरात साधारण ५० नोंदी घ्याव्यात आणि त्यांची सरासरी काढावी. ५०० मेगाहर्ट्झला हे अंतर २४ मीटर येते. म्हणजे जवळपास प्रत्येक अर्ध्या मीटरला एक नोंद. रक्तदाब एकदाच मोजून गोळी सुरू करू नये, असे आम्ही सांगतो, त्याच जातीचा हा नियम आहे.

वेगाचाही परिणाम होतो. सोनोग्राफीमुळे ‘डॉप्लर’ हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे. रक्त वाहते म्हणून परत येणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते आणि आम्हाला प्रवाहाचा वेग कळतो. ताशी १०० किलोमीटरने धावणाऱ्या गाडीत ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारता सुमारे ५५ हर्ट्झने सरकते. ऐकायला हे किरकोळ वाटते, पण डिजिटल प्रक्षेपणात हजारो बारीक वाहक लहरी एकमेकींना खेटून उभ्या असतात. वेग वाढला की त्या एकमेकींच्या जागेत घुसू लागतात. त्यामुळे उभ्या गाडीत घेतलेली मोजणी धावत्या गाडीला लागू होत नाही.

शेवटी प्रश्न येतो माणसाचा. किती बिघाड चालेल? प्रसारणशास्त्रात वापरला जाणारा एक निकष असा आहे की २० सेकंदांच्या अवधीत फार तर एका सेकंदात चूक दिसावी. यापेक्षा जास्त झाले तर पाहणारा वैतागतो. मनोरंजनासाठी हा निकष ठीक आहे. पण ‘नदीकाठ सोडा’ या वाक्यातला ‘सोडा’ नेमका त्या एका सेकंदात बुडाला तर काय, हा विचार इशाऱ्यांच्या बाबतीत वेगळा करावा लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. संदेश पुन्हा पुन्हा सांगायचा आणि अक्षरांतही दाखवायचा.

९५ टक्क्यांचा अर्थ

आता कळीच्या आकड्याकडे येऊ. एखादा परिसर ‘कव्हर’ झाला, असे कधी म्हणायचे? प्रत्येक इंचावर सिग्नल मोजणे अशक्य आहे, म्हणून अभियंते संभाव्यतेच्या भाषेत बोलतात. एका जागी ठेवून वापरायच्या रिसीव्हरसाठी एका छोट्या भागातल्या ९५ टक्के जागी चित्र मिळाले तर कव्हरेज ‘चांगले’, ७० टक्के जागी मिळाले तर ‘चालण्याजोगे’ मानतात. चालत्या गाडीसाठी हेच आकडे ९९ आणि ९० टक्के आहेत, कारण रस्त्यावर दर दहा जागांमागे तीन जागी तुटणारे चित्र कोणी पाहू शकत नाही.

टक्का वाढवण्याची किंमत जबर असते. उघड्यावर जागोजागचा सिग्नल सरासरीच्या खालीवर ५.५ डेसिबलच्या प्रमाणित विचलनाने पसरतो, असे नियोजनात धरतात. त्यावरून हिशेब केला, तर ५० टक्के जागांवरून ९५ टक्क्यांवर जायला सुमारे ९ डेसिबल, म्हणजे आठपट शक्ती लागते. ९९ टक्क्यांसाठी सुमारे १३ डेसिबल, म्हणजे जवळजवळ वीसपट. शेवटच्या चार-पाच टक्क्यांसाठी प्रक्षेपकाची शक्ती दुपटीहून अधिक वाढवावी लागते. कोणत्याही संस्थेला तिथे थांबण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे.

आरोग्य खात्यातला अनुभव इथे उपयोगी पडतो. गोवर रोखायला ९५ टक्के बालकांचे लसीकरण लागते. समजा, तालुक्याचा आकडा ९५ टक्के आला. उरलेली पाच टक्के मुले सगळ्या गावांत सारखी विखुरलेली असतील, तर साथ पसरत नाही. पण ती तशी नसतात. ती एखाद्या वाडीवर, वीटभट्टीवर किंवा ऊसतोड कामगारांच्या तळावर एकत्र सापडतात. तालुक्याचा आकडा ९५ आणि त्या वाडीचा आकडा पंधरा, असेही असू शकते. साथ त्या वाडीतच लागते.

लहरींची सावलीही अशीच एकगठ्ठा पडते. डोंगराच्या मागचे एक घर अंधारात असेल, तर शेजारचे घरही बहुधा अंधारात असते. अख्खी वस्तीच ‘त्या पाच टक्क्यांत’ जाते. आणि डोंगराच्या पोटात, नदीच्या वळणावर, खोल दरीत वसलेल्या याच वस्त्यांना दरडीचा आणि पुराचा धोका जास्त असतो. सिग्नल जिथे पोहोचत नाही आणि इशारा जिथे सर्वांत आधी पोहोचायला हवा, त्या जागा अनेकदा एकच निघतात. सरासरीच्या आकड्यात हे दिसत नाही.

मनोरा उंच केला तर?

टोकियोत हे करून पाहिले गेले. ३३३ मीटर उंच टोकियो टॉवरभोवती उंच इमारती वाढत गेल्या आणि त्यांच्या सावल्या पडू लागल्या. मग ६३४ मीटर उंचीचा स्कायट्री उभारला गेला आणि ३१ मे २०१३ रोजी टीव्हीचे प्रक्षेपण तिकडे हलवण्यात आले. वनसेगचे कव्हरेज सुधारणे हा त्यामागच्या अपेक्षांपैकी एक होता. पण लहरींची दिशा बदलल्याने काही घरांत उलट चित्र बिघडले. त्यासाठी आधी चाचणी प्रक्षेपणे घेतली गेली, लोकांना आपापले टीव्ही तपासायला सांगितले गेले आणि अडचण असलेल्या घरांच्या अँटेनांची दुरुस्ती करून देण्यात आली. मनोरा उंच करणे हा निम्मा उपाय होता. उरलेला निम्मा उपाय म्हणजे कोणाला दिसत नाही, ते शोधत जाणे.

सावलीत राहिलेल्या जागांसाठी छोटे पूरक प्रक्षेपक हा मार्ग असतो. डिजिटल पद्धतीत ते त्याच वारंवारतेवर चालू शकतात, मात्र दोन ठिकाणांहून येणाऱ्या लहरींमधला उशीर ठरावीक मर्यादेत असावा लागतो. जपानच्या पद्धतीत ही मर्यादा सुमारे १२६ मायक्रोसेकंद आहे. एवढ्या वेळात लहर साधारण ३८ किलोमीटर जाते.

११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठा भूकंप झाला. तीन मिनिटांत त्सुनामीचा इशारा निघाला. वीज गेलेल्या, फोन लागत नसलेल्या भागांत अनेकांनी फोनमधल्या आणि गाड्यांमधल्या वनसेगवर बातम्या पाहिल्या. याचे कारण तंत्रात आहे. मोबाइल नेटवर्कवर एका वेळी हजारो लोक तुटून पडले की ते गुदमरते. प्रक्षेपणात पाहणारे दहा असोत की दहा लाख, मनोऱ्यावर भार तेवढाच राहतो.

आपल्या सह्याद्रीत

महाराष्ट्राला या सगळ्याची वेगळी गरज आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्याला धडकले आणि रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांत वीज आणि मोबाइल अनेक दिवस बंद राहिले. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हाही संपर्क तुटला. २०२३ मध्ये आपल्या फोनवर मोठा आवाज करत सरकारी इशाऱ्याचे चाचणी संदेश आले होते, ते अनेकांना आठवत असतील. ती व्यवस्था उत्तम आहे, पण ती मोबाइलच्या टॉवरवरच चालते. टॉवरची बॅटरी संपली की तीही गप्प होते. उंच जागी असलेला, स्वतःचा जनरेटर असलेला एक प्रक्षेपक अशा वेळी मोठ्या टापूला आवाज देऊ शकतो.

आपला भूगोल मात्र सोपा नाही. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे १९७३ पासून पुणेकरांना मुंबईचे दूरदर्शन दिसू लागले. उंचीचा फायदा आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. पण त्याच डोंगरांच्या पलीकडे सावल्याही तेवढ्याच लांब पडतात. कोकण रेल्वेच्या मार्गावर नव्वदहून अधिक बोगदे आहेत, एकटा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे. पावसाळ्यात ओली दाट झाडी सिग्नल अधिक शोषते. म्हणजे इशाऱ्याची गरज सर्वाधिक असते, त्याच ऋतूत कव्हरेज सर्वांत दुबळे असू शकते. मे महिन्यात घेतलेल्या मोजणीवर जुलैचा भरवसा ठेवता येणार नाही. २०१६ मध्ये दूरदर्शनने मुंबई आणि औरंगाबादसह (आताचे छत्रपती संभाजीनगर) १६ शहरांत फोनवरही पाहता येईल असे डिजिटल प्रक्षेपण सुरू केले होते. शहरांपासून सुरुवात होणे व्यवहाराला धरून आहे, पण शहरातले आकडे डोंगरातल्या गावांना लावता येणार नाहीत.

लहरी आणि शरीर

या विषयावर लिहिताना एक प्रश्न हमखास येणार, म्हणून थोडक्यात. आधीच एवढे टॉवर, त्यात हे नवे, शरीराला अपाय होणार नाही ना? वर सांगितलेली मीटरमागे १ मिलिव्होल्ट ही तीव्रता पाहा. ६०० मेगाहर्ट्झसाठी सर्वसामान्य लोकांकरिता आयसीएनआयआरपी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सांगितलेली मर्यादा मीटरमागे सुमारे ३४ व्होल्ट आहे, म्हणजे जवळपास ३४ हजार पट. उंच मनोऱ्याच्या अँटेनाच्या अगदी जवळ तीव्रता अर्थातच जास्त असते, म्हणून तिथे प्रवेशावर निर्बंध हवेतच. शिवाय प्रक्षेपण पाहताना फोनचा तो भाग फक्त ऐकत असतो, स्वतः काही पाठवत नाही. अपायाची भीती बाळगण्यापेक्षा रात्री उशिरापर्यंत पडद्याला चिकटून झोप घालवण्याची काळजी करणे अधिक योग्य.

काय विचारावे?

उद्या एखाद्या जिल्ह्यात ‘९५ टक्के कव्हरेज’ अशी जाहिरात झाली, तर चार प्रश्न विचारायला हवेत. हे छतावरच्या उंचीवर मोजले की हातातल्या? घराबाहेर की घरात? उभ्याने की चालत्या एसटीत? आणि हे ९५ टक्के जागांचे आहेत की माणसांचे? जागा आणि माणसे यांची टक्केवारी एक नसते. शहर झाकले की माणसांचा टक्का झटकन वाढतो आणि डोंगर तसाच राहतो.

मोजणी कुठे करावी, याचे उत्तर आरोग्यव्यवस्थेकडे तयार आहे. मैदानी भागात दर ५,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागात दर ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा आपला निकष आहे. साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा कार्यकर्ती असते. लसीकरणाचे कव्हरेज तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने ३० वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडून प्रत्येकी ७ मुले तपासण्याची पद्धत घालून दिली होती. २१० मुलांत जिल्ह्याचा अंदाज येतो. गाडी जाईल त्या डांबरी रस्त्यावर मोजत न बसता, अशाच रीतीने वस्त्या निवडून उपकेंद्राच्या ओट्यावर, शाळेच्या वर्गात, निवारा म्हणून ठरलेल्या समाजमंदिरात आणि आशाताईच्या स्वयंपाकघरात हातातल्या फोनवर मोजणी करता येईल. पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा.

त्यातून जो नकाशा तयार होईल, त्यात रंगवलेल्या भागापेक्षा कोऱ्या राहिलेल्या जागा महत्त्वाच्या मानाव्यात आणि त्यांची गावनिहाय यादी ग्रामपंचायतीत लावावी. पूरक प्रक्षेपक बसेपर्यंत तिथे भोंगा, दवंडी आणि दार ठोठावणारा माणूस हीच इशारा-यंत्रणा असणार आहे. ती कुठे लागणार, हे वादळ यायच्या आधी माहीत असले पाहिजे.